कंपनीतून आलं तसं

आमच्या कॉलनीत कोणाचा लॅपटॉप बिघडला, तर पहिलं काम म्हणजे तो प्रभाकर नानांपासून लपवायचा. दुरुस्तीला न्यायचा तर कापडी पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून न्यायचा. कारण नाना गेटाजवळच्या बाकावर बसलेले असतात, आणि अमक्याचा लॅपटॉप जरा हळू चालतोय एवढं कानावर पडलं तरी ते चप्पल सरकवून त्या घरी हजर होतात. पाणी मागत नाहीत, पंखा लावा म्हणत नाहीत. खुर्ची ओढतात, चष्मा सदऱ्याला पुसतात आणि म्हणतात, "आणा इकडे. कंपनीतून आलं तसं करून टाकू."

करून टाकू म्हणजे काय, तर आतलं सगळं पुसून टाकू. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, आजारी सासऱ्यांचे रिपोर्ट, जे काही असेल ते. तासाभराने लॅपटॉप दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा होतो आणि घरमालकालाच विचारतो की तुमचं नाव काय. नाना हात झटकतात, समाधानाने मान हलवतात आणि पुढच्या घराचा अंदाज घेत बाहेर पडतात. कॉलनीतली मुलं त्यांना रिसेट नाना म्हणतात. मोठी माणसं काय म्हणतात ते मला इथे लिहिता येणार नाही.

मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे नाना मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना तोंडावर नाना म्हणते.

नानांकडे रोगाची चौकशी नसते, फक्त औषध असतं. बॅटरी टिकत नाही? रिसेट. पडद्यावर रेघ आली? रिसेट. अक्षरं बारीक दिसतात? त्यालाही रिसेट. एकदा शेजारच्या पाटील वहिनींचा लॅपटॉप चालूच होईना. नानांनी तो उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरला. मग वहिनींच्या लक्षात आलं की भिंतीवरचं चार्जरचं बटणच बंद आहे. बटण दाबलं, लॅपटॉप सुरू झाला. झालं, कोणीही शहाणा माणूस इथे उठून घरी गेला असता. नाना म्हणाले, "आता हातात घेतलाच आहे, तर कंपनीतून आला तसा करून टाकतो." वहिनी नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले होते. त्या दिवशी वहिनींनी नानांना चहा दिला नाही, पण नानांना ते कळलंही नाही. त्यांना वाटलं, उन्हामुळे दिला नसेल.

माझ्यावरही ही पाळी येऊन गेली आहे. नववीच्या वार्षिक परीक्षेचे सगळे गुण मी लॅपटॉपवर चढवले होते. नाना काहीतरी विचारायला म्हणून आले, मी सरबत करायला आत गेले. लिंबू पिळून बाहेर येते तर हे महाशय माझ्या लॅपटॉपसमोर बसलेले.

"मॅडम, फार घरघर करत होता हो."

"नाना, तो पंख्याचा आवाज आहे. छतावरच्या."

"असेल. पण याचंही काम करून टाकलंय."

खरं तर तो लॅपटॉप त्यांना आधी नीट विचारतो. फायली ठेवायच्या, की सगळं काढून टाकायचं? असे दोन रस्ते तो पुढे ठेवतो. मी नानांना विचारलं, पहिला रस्ता का नाही धरला? तर म्हणाले, "अर्धवट काम आपल्याला जमत नाही." मग मला समजवायला लागले की निम्मे आजार पुसल्यानेच जातात, माणसं उगाच साठवतात. "आता बघा कसा पळतो ते."

पळत होता खरा. जवळ काही उरलंच नव्हतं, पळायला काय जातंय? मी पुढचा आठवडा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून पुन्हा गुण चढवत बसले, आणि मुख्याध्यापक दर तासाला येऊन घड्याळ बघून जात. त्या आठवड्यात मी नानांबद्दल जे जे म्हणाले त्यातला एक शब्दही मला मागे घ्यायचा नाही.

हे खूळ आलं कुठून, असं कोणी विचारलं तर नानांच्या नोकरीकडे बोट दाखवावं लागेल. पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते जन्मभर तपासणी विभागात होते. आमच्या जळगावात पाइपाच्या कारखान्यात घरटी एखादा माणूस असतोच, त्यात विशेष काही नाही. पण बाकीची माणसं संध्याकाळी कारखाना कारखान्यात ठेवून घरी येतात. नाना तो घरी घेऊन आले. पाइप हातात घ्यायचा, एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने आरपार बघायचं आणि कुठे केसाएवढा चरा दिसला की तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. आता निवृत्त झाल्यावर ते वांगी तशी बघतात. भरताची वांगी घ्यायला बाजारात गेले की एक डोळा मिटून देठाकडून बघत बसतात. भाजीवाल्या बायका त्यांना लांबून बघून टोपलीवर ओलं फडकं टाकतात. एकदा असोद्याहून आलेली एक बाई त्यांना म्हणाली, "नाना, भरीत करनं शे का पोरगी पाहनी शे?" पण नानांवर परिणाम शून्य.

नानांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू कारखान्यातून निघते तेव्हा सगळ्यात चांगली असते आणि त्यानंतर फक्त बिघडत जाते. म्हणून ते वस्तूंचं प्लास्टिक काढत नाहीत. त्यांच्या सोफ्यावर अजून प्लास्टिक आहे. मे महिन्यात जळगावात प्लास्टिकवर बसणं म्हणजे काय हे ज्याला भोगायचं असेल त्याने त्यांच्याकडे जावं. उठताना माणूस आधी निघतो आणि कातडं मागून येतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. फ्रिजच्या दारावर किती वीज लागते ते सांगणारा कागद तसाच आहे, आणि तो फ्रिज इतका जुना आहे की त्या कागदावरचं आता काहीच खरं नसावं. माळ्यावर सगळ्या वस्तूंची रिकामी खोकी रचून ठेवलेली आहेत. का, तर उद्या परत करायची वेळ आली तर?

त्यांच्या बायकोला सगळी कॉलनी अक्का म्हणते. या बाईने एवढी वर्षं हे कसं काढलं हा मला पडलेला प्रश्न आहे. मी एकदा तिला तसं विचारलंही. अक्का शांतपणे म्हणाली, "माझं खोकं त्यांना सापडलं नाही, मॅडम. नाहीतर मलाही माहेरी परत पाठवलं असतं."

आता खरी गंमत पुढे आहे. नाना सगळ्यात जास्त वेळा कोणाचा लॅपटॉप पुसत असतील, तर स्वतःचा. महिन्यातून दोनदा तरी. आणि त्या लॅपटॉपवर काही नसतं हो. नाना त्यावर केळीचे भाव बघतात आणि हवामान बघतात. जळगावात उन्हाळ्यात हवामान काय बघायचं असतं ते त्यांनाच ठाऊक. पंधरा दिवस झाले, की नाना बाकावर येऊन जाहीर करतात, "लॅपटॉप जड झालाय." दोन भाव आणि एक ऊन बघून तो जड कशाने होतो? पण नाना घरी जातात, तो पुसतात, पुन्हा केळीचे भाव बघतात. रिकाम्या खोलीला कोणी रोज पोतेरं घालावं तसा हा प्रकार. मी तर पुढे पुढे त्याच्याकडे करमणूक म्हणून बघायला लागले होते. पाहुणे आले की गॅलरीतून दाखवायचे, ते बघा, आमचे नाना, आज परत पुसायला बसलेत.

तो लॅपटॉप खरं तर त्यांच्या मुलीचा. वैशालीचा. तिने तो कॉलेजात असताना घेतला होता, आणि घर सोडताना तो इथेच राहिला.

वैशालीचं प्रकरण कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते घडलं तेव्हा नानांच्या घराची खिडकी उघडी होती. एकुलती एक मुलगी. शिकली, धुळ्याला नोकरीला लागली, आणि तिथल्याच नीलेश नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मुलगा चांगला, घरचे चांगले, पत्रिका बघायची तर तीही बघा म्हणाले. एकच गोष्ट होती. नीलेशचं आधी एकदा लग्न झालं होतं आणि वर्षभरात घटस्फोट झाला होता.

ते लोक धुळ्याहून बोलणी करायला आले. प्लास्टिकच्या सोफ्यावर बसले. अक्काने पोहे दिले, मुलाची आई प्रेमाने वैशालीच्या केसांवरून हात फिरवत होती. नाना समोर बसून एक डोळा बारीक करून मुलाकडे बघत होते. आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्याच्या आईच्या देखत, हा माणूस म्हणाला, "माल चांगला दिसतो. पण खोकं आधीच उघडलेलं आहे."

मी समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

मुलाची आई उठली. नीलेशने तिचा हात धरला, अक्काला नमस्कार केला आणि ते लोक निघून गेले. त्या संध्याकाळी वैशालीने बॅग भरली. दारात उभी राहून म्हणाली, "नाना, तुम्ही त्यांची माफी मागत नाहीत तोवर मी या घरात पाय ठेवणार नाही. फोनसुद्धा करणार नाही." नाना म्हणाले, "नको करूस. मी तर करणारच नाही." झालं. बाप तसा आणि मुलगी त्याच्यावर गेलेली. लग्न धुळ्यात झालं. अक्का एकटी जाऊन आली, नानांच्या म्हणे पोटात दुखत होतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला याचं गांभीर्य कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा लेकीचा सण. दिवाळीला एखादी नाही आली तरी चालतं, पण आखाजीला सासरी राहिलेली लेक म्हणजे गावभर चर्चा. झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरस होतो, आणि लेकी येतात. मात्र लेक आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस जाऊन तिला आणतं. भाऊ जातो, नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणतात. वैशालीला भाऊ नाही. म्हणजे जायचं तर नानांनीच. आणि नाना जाणार नाहीत. लग्नानंतरची पहिली आखाजी गेली, दुसरी गेली. आखाजीच्या दिवशी अक्का पुरण घालायची आणि दुपारी दार लावून घ्यायची. नाना बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या लेकींच्या रिक्षा मोजल्यासारखे बघत राहायचे, आणि कोणी विचारलंच तर म्हणायचे, "तिला रजा नाही."

मला त्या वेळी नानांची अजिबात दया आली नाही. एक वाक्य बोलायचं. चुकलो म्हणायचं. जन्मभर दुसऱ्याच्या पाइपातल्या चुका शोधल्या, स्वतःची एक दिसेना?

यंदा आखाजीच्या आधीच्या रविवारी अक्काने मला उडदाचे पापड लाटायला बोलावलं. शाळेला सुट्टी होती आणि अक्काच्या पापडाच्या लाट्या खायला मी कुठूनही येईन, म्हणून गेले. सतरंजी घालून आम्ही दोघी लाटायला बसलो. नाना टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर तो ओळखीचा गोल फिरत होता. पुसणं चाललेलं होतं.

"जड झाला होता?" मी विचारलं.

"फार," नाना म्हणाले.

"परवाच तर केळीचे भाव उतरले म्हणत होतात. हलका व्हायला हवा होता."

नानांचं लक्ष पडद्यावर होतं. गोल थांबला, लॅपटॉपने नाव-गाव विचारायला सुरुवात केली. नाना टकटक करत पुढे गेले आणि एका जागी येऊन थांबले. हात मांडीवर ठेवले, शेजारी मोबाइल उताणा ठेवला आणि बसून राहिले. पाच मिनिटं गेली. माझ्याच्याने राहवेना. मास्तरणीला समोर कोणी अडून बसलेलं बघवत नाही. मी हात पुसले आणि उठून पडद्याकडे पाहिलं.

तिथे लिहिलं होतं की खातं वैशालीचं आहे, ते उघडायला एक कोड लागेल, आणि तो कोड खात्याला जोडलेल्या फोनवर पाठवला आहे. दहा मिनिटांत टाका, नंतर तो बाद होईल. खाली नंबराचे शेवटचे दोन आकडे. ते नानांच्या नंबराचे नव्हते.

"अहो नाना, हा कोड वैशालीच्या फोनवर जातोय."

"हं."

"मग दर वेळी असंच अडून बसता? हे खातंच नको. तुमच्या नंबरावर नवीन खातं काढून देते, दोन मिनिटांचं काम आहे. परत कोणाचं तोंड बघायला नको." मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नानांनी लॅपटॉपची एक कड धरली होती, ती सोडली नाही, एवढंच. मी त्यांना सुधारायचं ठरवलंच होतं, त्यामुळे मी ओढला.

तेवढ्यात माझ्या मनगटावर हात पडला. अक्काचा. पापडाच्या तेलाने माखलेला.

"राहू द्या मॅडम," ती हळू म्हणाली. मला बाजूला घेऊन तिने परत सतरंजीवर बसवलं, माझ्यापुढे एक लाटी ठेवली आणि तोंड जवळ आणून म्हणाली, "त्यांनी आपणहून फोन करायचा नाही, तिने करायचा नाही. पण कोड गेला की तिला सांगावा लागतो ना. महिन्यातून दोनदा तेवढंच बोलतात दोघं."

मी विचारलं, "आणि वैशालीला हे..."

"ती कॉलेजात काय शिकवते? हेच शिकवते, कॉम्प्युटर. तिला तो नंबर काढून टाकता येत नाही का?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मी गॅलरीतून पाहुण्यांना दाखवत होते तो प्रकार हा होता तर. मला नानांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मोबाइल वाजला. नानांनी तो लगेच उचलला नाही. दोन वेळा वाजू दिला, चष्मा नीट केला, मग उचलला. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. घरात ते अहिराणी बोलतात; त्यात 'व्हयना' म्हणजे झाला, 'बठ्ठा' म्हणजे सगळा, आणि ळ चा य होतो.

"कोड उना शे," वैशालीचा आवाज आला. कोरडा, पोस्टातल्या खिडकीमागून यावा तसा. "लिखी ल्या."

"सांग."

"पाच."

"पाच," नाना म्हणाले. "तठे ऊन कितलं शे?"

"भलतंच शे. दोन."

"दोन. आंबा लिधात का?"

"लिधात. नऊ."

"गोड शेत का?"

"शेत गोड. तीन."

"तीन. खोकला कमी व्हयना का?"

खोकल्याचं नानांना कोणी सांगितलं नव्हतं. अक्का रोज दुपारी स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर बोलते, तेव्हा नाना बाहेर पेपर धरून बसतात आणि पान उलटत नाहीत, एवढं मात्र मी पाहिलेलं आहे.

"व्हयना," वैशाली म्हणाली. आवाज थोडा ओला झाला होता. "आठ. शून्य. व्हयना बठ्ठा कोड."

फोन बंद झाला. नाना एका बोटाने आकडे दाबायला लागले. मी बसल्या जागेवरून बघत होते. पाच दाबला. दोन दाबला. मग वैशाली नऊ म्हणाली होती, तिथे नानांनी सहा दाबला. केसाएवढा चरा आरपार ओळखणारा हा माणूस. मी तोंड उघडलं, तर अक्काने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि पापड लाटला.

कोड चुकला. लॅपटॉपने विचारलं, नवीन पाठवू का? नानांनी लगबगीने हो म्हटलं.

या वेळी मोबाइल जरा उशिरा वाजला. नानांनी एकाच घंटीत उचलला. "सांग."

"नाना, नमस्कार. नीलेश बोलतोय." पुरुषाचा आवाज. "तिचे हात कणकेचे आहेत. कोड मी सांगतो."

लग्नाला एवढे दिवस झाले, पण या दोघांनी एकमेकांचा आवाज त्या पोह्यांच्या दिवसानंतर ऐकलेला नव्हता. नानांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने लाटीकडे पाहिलं. फोन ठेवावा तर कोड जातो, बोलावं तर बोलणं होतं. मला वाटलं, आता हा माणूस लॅपटॉपचं झाकण लावून उठणार.

"सांगा," नाना म्हणाले.

"चार."

"चार."

"एक."

"एक."

"परत एक."

"पाव्हणं," नाना म्हणाले.

अक्काचं लाटणं थांबलं.

"बोला ना, नाना."

"त्या दिवशी... मी ते खोक्याचं बोललो." नाना लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बोलत होते, जसं काही तो नीलेश होता. "ते बोलायला नको होतं. तुमच्या आईसमोर तर मुळीच नको होतं. माझं चुकलं."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग नीलेश म्हणाला, "नाना, कोडची वेळ जाईल. आधी तो टाकून घ्या."

"जाऊ द्या तो कोड," नाना म्हणाले. "आखाजीला मी येतो. तिला न्यायला."

"बरं."

"बरं नाही. तुम्हीसुद्धा चला. दोघांना न्यायला येतो."

नीलेशने फोनवर हात ठेवला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला. तो कोणाला तरी सांगत होता, "नाना येतायत." त्यावर वैशाली काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने एक नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग तीच फोनवर आली.

"नाना, ऊन टळू देज्यात. टोपी घालीसन या," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला खरं सांगायचं तर अजूनही नानांचा राग येतो. एवढं एक वाक्य बोलायला या माणसाने लॅपटॉप वारंवार धुऊन काढला आणि त्या नादात आमचेही काढले. आमचे त्याने सराव म्हणून पुसले, की स्वतःचं पुसणं आम्हाला विचित्र वाटू नये म्हणून पुसले, की सरळ खूळ म्हणून, हे मला कळलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. नववीचे गुण पुन्हा चढवण्यात गेलेला माझा आठवडा काही परत येणार नाही. पण त्या वेळी तो माणूस फोन हातात धरून उठला होता आणि आम्हाला चेहरा दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी एक पापड इतका पातळ लाटला की तो फाटला.

अक्काने डोळे पुसले नाहीत, तिचे हात तेलाचे होते. तिने दंडाने कपाळ पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तठे जाईसन तोंड सांभाळज्यात. आंबा गोड शे की नही, वांगं कसं शे, काही बोलू नका. वाढतील ते खाज्यात."

"हं," नाना म्हणाले.

लॅपटॉपने एक बारीक आवाज केला. मी वाकून बघितलं. कोडची मुदत संपली होती आणि तो विचारत होता, नवीन कोड पाठवू का?

"नाना, नवीन मागवू?" मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. जवळ आले आणि झाकण लावून टाकलं.

"आते कसाले?" ते म्हणाले, आणि अक्काकडे वळून त्यांनी विचारलं, "धुयानी गाडी सकायले कितला वाजता शे?"